४३५ : खोडदच्या जोड्यांची संख्या

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची ओळख करून देताना पहिला आकडा येतो तो ३० चा. तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. वर्तमानपत्रात, शालेय सहलीच्या माहितीपत्रकात, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात हीच दोन वाक्यं सापडतात. ती खरीही आहेत. पण या दुर्बिणीला आकाशाचं चित्र मिळतं ते ४३५ या संख्येमुळे. तीस तबकड्यांच्या जितक्या जोड्या होतात, तितकी ही संख्या. हे प्रकरण तिच्याविषयी आहे, कारण जुन्नर तालुक्याच्या वाट्याला आलेली ही संख्या गणिताच्या अंगानं विलक्षण श्रीमंत आहे, आणि तिची फारशी कुणी दखल घेतलेली नाही.

आधी जागा पाहू. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव लागतं. तिथून पूर्वेला साधारण दहा किलोमीटरवर खोडद. मोठ्या शहरांच्या रेडिओ-गोंगाटापासून लांब, भोवती डोंगरांचा आडोसा, आणि पुणे मात्र हाकेच्या नाही तरी दोन तासांच्या अंतरावर. जागा निवडताना या गोष्टी पाहिल्या गेल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रानं प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण उभारली. नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं जीएमआरटी. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ती राष्ट्राला अर्पण झाली. तबकड्या पत्र्याच्या नाहीत. ताणलेल्या तारांच्या दोरखंडांवर बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी बसवली आहे. जाळीची भोकं आतल्या भागात दहा मिलिमीटरची, कडेला वीस मिलिमीटरची. वारा आरपार जातो, वजन आणि खर्च दोन्ही कमी होतात, आणि वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत लांबीच्या रेडिओलहरींना ती जाळी सलग आरशासारखीच भासते. स्वरूप यांची ही कल्पना भारतीय अभियांत्रिकीतल्या उत्तम कल्पनांपैकी एक आहे असं मी मानतो.

या तीसपैकी १४ अँटेना खोडदजवळच्या सुमारे एक चौरस किलोमीटरच्या भागात दाटीनं उभ्या आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर पसरल्या आहेत. पूर्वेकडे ५, दक्षिणेकडे ५, पश्चिमेकडे ६. प्रत्येक बाहू सुमारे चौदा किलोमीटर लांब. त्यामुळे टोकाच्या दोन अँटेनांमधलं अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास जातं. शेतातून, ओढ्यापलीकडून, वस्तीमागून एखादी पांढरी तबकडी अचानक दिसते, ती या बाहूंपैकी एखाद्यावरची असते.

आता जोड्यांकडे. रेडिओ खगोलशास्त्रात दोन अँटेनांनी एकाच वेळी एकाच स्रोताकडून घेतलेले संकेत एकमेकांशी ताडून पाहतात. लहर एका अँटेनावर आधी पोचते, दुसरीवर क्षणभरानं. हा फरक आणि दोन संकेतांमधलं साम्य यांतून आकाशातल्या त्या तुकड्याविषयी एक माहिती मिळते. अँटेना जवळजवळ असतील तर मोठ्या, पसरट आकारांची, दूर असतील तर बारीक तपशिलाची. एका जोडीतून एका वेळी एकच माहिती. अशी पुष्कळ माहिती गोळा झाली की गणितानं चित्र उभं करता येतं. म्हणून दुर्बिणीची खरी ताकद जोड्यांत असते.

जोड्या किती हे मोजायला सूत्र पाठ असण्याची गरज नाही. अँटेना एकेक करून उभ्या राहिल्या असं समजा. पहिली एकटीच. दुसरी आली, १ जोडी झाली. तिसरी आली, तिनं आधीच्या दोघींशी २ नव्या जोड्या केल्या. चौथीनं ३. असं करत तिसावी आली तेव्हा तिनं एकटीनं २९ जोड्यांची भर घातली. म्हणजे एकूण जोड्या १ + २ + ३ + … + २९. पहिली आणि शेवटची मिळवा, ३०. दुसरी आणि शेवटून दुसरी मिळवा, पुन्हा ३०. अशा चौदा जोडगोळ्या होतात आणि मधला १५ उरतो. चौदा गुणिले तीस ४२०, अधिक १५, म्हणजे ४३५.

१ पासून ओळीनं बेरीज करून मिळणाऱ्या संख्यांना त्रिकोणी संख्या म्हणतात, कारण तितके ठिपके एकाखाली एक वाढत्या ओळींत मांडले की समभुज त्रिकोण होतो. ४३५ ही एकोणतिसावी त्रिकोणी संख्या. ती पंधरावी षट्कोनी संख्याही आहे. १ + ५ + ९ + १३ अशी चार-चारनं वाढणारी पंधरा पदं ५७ पर्यंत मिळवा, ४३५ च येतात. दोन्ही गुण एकत्र असणं हा योगायोग नाही. अँटेनांची संख्या सम असली की जोड्यांची संख्या नेहमी त्रिकोणी आणि षट्कोनी अशी दोन्ही निघते. विषम असली की षट्कोनी कधीच निघत नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या व्हेरी लार्ज ॲरे या प्रख्यात दुर्बिणीत २७ अँटेना आहेत. तिच्या ३५१ जोड्या. ३५१ त्रिकोणी आहे, षट्कोनी नाही.

जोड्या मोजण्याची सर्वसाधारण रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त ती स्पष्ट दिली आहे. एकापासून चढत्या क्रमानं अंक लिहा, त्यांवर तेच अंक उतरत्या क्रमानं मांडा, आणि वरच्याला खालच्यानं भागत गुणत चला. उदाहरणं मोठी गोड आहेत. सहा रसांपासून किती प्रकारची चव तयार करता येईल, आठ दारांचा महाल किती तऱ्हांनी उघडा ठेवता येईल. हीच रीत खोडदला लावा. ३० भागिले १, गुणिले २९ भागिले २. उत्तर ४३५. पुढे २८ भागिले ३ नं गुणा, तीन-तीन अँटेनांचे गट मिळतात, ४०६०. या दुसऱ्या संख्येकडे आपण थोड्या वेळानं येऊ. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याची नोंद जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात आहे. त्यांचं गणित महाराष्ट्राच्या मातीत शिकवलं जात होतं याचा तो दगडी पुरावा.

४३५ जोड्या कागदावर होतात, पण त्या सगळ्या उपयोगी पडाव्यात यासाठी अँटेना कुठे उभ्या करायच्या हा वेगळाच प्रश्न आहे आणि तो मला या साऱ्या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. समजा तीसही अँटेना एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर उभ्या केल्या. मग शेजारशेजारच्या २९ जोड्यांमधलं अंतर एकच. एक सोडून एक अशा २८ जोड्यांचं अंतर एकच. सगळा हिशोब केला तर ४३५ जोड्यांतून वेगवेगळी अंतरं मिळतात फक्त २९. बाकीच्या ४०६ जोड्या आकाशाला तोच तोच प्रश्न पुन्हा विचारतात. म्हणून मध्यभागातल्या चौदा अँटेना मुद्दाम अनियमित ठेवल्या आहेत, आणि बाहू तीन दिशांना नेले आहेत. दोन जोड्यांचं अंतर आणि दिशा शक्यतो एकसारखी येऊ नये, हा त्यामागचा हेतू. खोडदचा नकाशा पाहिला तर मधल्या चौकात काही शिस्तच दिसत नाही. त्या बेशिस्तीमागे कसून केलेलं गणित आहे.

अँटेनांची नावंही या आखणीची आठवण देतात. मधल्या चौकातल्या अँटेनांचे क्रमांक सी-शून्यपासून सी-चौदापर्यंत आहेत, पण त्यात सी-सात नाही. पूर्वेचा बाहू ई-दोनपासून सुरू होतो. दक्षिणेला एस-चार नंतर एकदम एस-सहा. नाव वाचून मोजणाऱ्याचा हिशोब चुकतो, अँटेना मात्र बरोबर तीस आहेत.

१४ आणि १६ अशी फोड घेतली की जोड्यांचीही फोड होते. चौकातल्या चौदांच्या आपसांत ९१ जोड्या, बाहूंवरच्या सोळांच्या आपसांत १२०, आणि एक चौकातली एक बाहूवरची अशा १४ गुणिले १६ म्हणजे २२४. ९१ अधिक १२० अधिक २२४, ४३५. चौकातल्या ९१ जोड्या आकाशातले विस्तीर्ण, धूसर ढग टिपतात. बाहूंच्या लांब जोड्या दूरच्या दीर्घिकांमधली बारीक रेघ टिपतात. २१ सेंटिमीटरच्या लहरींवर हा तपशील सुमारे दोन विकलांपर्यंत जातो. एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातले दोन.

इथे एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. ताटात लाडू रचताना तळाला चार-चारच्या चार ओळी, वर तीन-तीनच्या तीन, त्यावर दोन-दोनच्या दोन आणि शेंड्याला एक असा मनोरा केला तर लाडू लागतात १६ + ९ + ४ + १, म्हणजे ३०. तळाचा थर काढला तर उरतात १४. खोडदच्या तीस अँटेनांची विभागणी नेमकी तशीच आहे. बाहूंवर १६, चौकात १४. आखणी करणाऱ्यांनी वर्गसंख्यांचा मनोरा डोळ्यांसमोर ठेवला होता असं मी म्हणणार नाही. संख्या जुळल्या, इतकंच. जोड्यांमुळे दुर्बीण चालते हे कारण आहे, मनोरा जुळतो हा योग आहे. संख्यांवर प्रेम करणाऱ्यानं हे दोन कप्पे वेगळे ठेवले पाहिजेत, आणि दोन्हींत रमायला हरकत नाही.

कारणाच्या कप्प्यात परत येऊ. प्रत्येक अँटेनाच्या संकेतात तिच्या स्वतःच्या चुका मिसळतात. वरच्या आयनांबरात लहर रेंगाळते, यंत्रणेत क्षणभराचा उशीर होतो. लहर कोणत्या क्षणी शिखरावर आहे, कोणत्या क्षणी तळाशी, म्हणजे तिचा फेज, तो यामुळे बिघडतो. यावर १९५८ मध्ये इंग्लंडच्या जॉड्रेल बँक वेधशाळेतल्या रॉजर जेनिसन यांनी एक अप्रतिम युक्ती प्रसिद्ध केली. तीन अँटेना घ्या, क, ख, ग. क-ख, ख-ग आणि ग-क या तीन जोड्यांचे फेज मिळवा. क ची चूक पहिल्या जोडीत अधिक चिन्हानं येते आणि तिसऱ्या जोडीत उणे चिन्हानं. तीच गोष्ट ख आणि ग ची. त्रिकोणाची फेरी पूर्ण झाली की तिन्ही अँटेनांच्या चुका कटतात आणि उरते ती निव्वळ आकाशाची माहिती.

असे त्रिकोण खोडदला ४०६० होतात, हे आपण भास्कराचार्यांच्या रीतीनं काढलं. पण ते सगळे स्वतंत्र नाहीत. एक अँटेना ठरवून घ्या आणि उरलेल्या २९ पैकी कोणत्याही दोघींबरोबर तिचा त्रिकोण करा. असे २९ गुणिले २८ भागिले २, म्हणजे ४०६ त्रिकोण होतात, आणि बाकीचे सगळे यांच्याच बेरीज-वजाबाकीतून मिळतात. ४०६ हा ४०६० चा बरोबर दहावा हिस्सा, कारण ३० ला ३ नं भागलं की १० येतात. दुसऱ्या बाजूनंही तपासा. मोजमापं ४३५, अज्ञात चुका २९ (एक अँटेना संदर्भाला धरली). ४३५ उणे २९, ४०६. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात. दुरुस्तीसाठी एखादी अँटेना बंद ठेवली तर २९ जोड्या जातात आणि उरतात त्याही ४०६ च.

दुर्बीण आठ-दहा तास एकाच स्रोताकडे रोखलेली असते तेव्हा पृथ्वी फिरत असते. आकाशातून पाहिलं तर प्रत्येक जोडीची दिशा आणि लांबी सतत बदलते. त्यामुळे ४३५ जोड्या ४३५ बिंदूंवर न थांबता ४३५ कमानी आखतात. पृथ्वीच्या परिवलनाचा असा वापर करून घेणाऱ्या केंब्रिजच्या मार्टिन राइल यांना १९७४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. खोडदच्या अलीकडच्या सुधारणांनंतर तिथली यंत्रणा एका वेळी चारशे मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा घेते, पूर्वी तो बत्तीस होता. २०२० मध्ये याच दुर्बिणीवर आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन वायू मोजला आणि तो निबंध ‘नेचर’मध्ये छापून आला. त्या मोजणीमागेही याच जोड्या होत्या.

आता योगाच्या कप्प्याकडे. तो उघडायला खोडदहून पुन्हा पुणे-नाशिक रस्ता धरून देवळालीला जावं लागेल.

देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते. जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी शाळेतच शिकवलं आणि उरलेला वेळ संख्यांशी खेळण्यात घालवला. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगभर माहीत आहे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा परदेशात त्यांचं नाव झालं. आपल्याकडच्या प्रतिष्ठित गणितज्ञांनी त्यांना बराच काळ गांभीर्यानं घेतलं नाही, ही आपल्या विद्याजगताची लाजिरवाणी गोष्ट आहे.

खोडदच्या तबकडीचा व्यास ४५ मीटर. ४५ ही कापरेकर संख्या आहे. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. तबकडीचं क्षेत्रफळ काढताना हा २०२५ वाटेत भेटतोच. त्याला पायच्या चौथाईनं गुणलं की १५९० चौरस मीटर येतात. तीस तबकड्यांचे मिळून ४७,७०० हून थोडे जास्त, म्हणजे पावणेबारा एकरांचं आकाशाकडे तोंड केलेलं रान. घन घेतला तरी ४५ हटत नाही. ९११२५, आणि ९ अधिक ११ अधिक २५ मिळून ४५.

पण खरा योग ४३५ चा आहे. कापरेकरांनी एक साधी क्रिया सांगितली. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २४ घेतली तर २ आणि ४ मिळून ६, म्हणून ३०. तेव्हा २४ ही ३० ची जनक. बहुतेक संख्यांना असा जनक असतो. काहींना नसतो, त्या दुसऱ्या कोणत्याच संख्येपासून निपजत नाहीत. या स्वयंभू संख्या. कापरेकरांनी आपल्या गावावरून त्यांना देवळाली संख्या असंही नाव दिलं.

४३५ ला जनक आहे का? शोधू. ४३५ पेक्षा लहान संख्येच्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त २१ होते (३९९ ची). म्हणून जनक असलाच तर तो ४१४ किंवा त्यापुढचा. ४१४ पासून क्रिया केली तर ४२३, मग ४२५, ४२७, असं दोन-दोननं चढत ४१९ ला ४३३ मिळतात. विसाच्या ओळीत गेलं की ४२० ला ४२६, आणि पुढे सगळ्या सम संख्या. ४२४ ला ४३४, ४२५ ला ४३६. ४३५ वरून उडी पडते. ४३० ला तर ४३७ येतात, म्हणजे आपण पुढे निघून गेलो. एकाही वाटेनं ४३५ हाती लागत नाही. ती देवळाली संख्या आहे.

शेजारच्या देवळाली संख्या ४१३, ४२४, ४४६, ४५७. अकरा-अकराच्या टप्प्यानं. त्या फार दाट नाहीत, साधारण दहात एक. व्हेरी लार्ज ॲरेची ३५१ त्यांत बसत नाही, तिचा जनक ३४२. दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट दुर्बिणीत ६४ अँटेना, जोड्या २०१६, तिचा जनक २००७. या तिघींत स्वयंभू निघते ती खोडदची.

यातून दुर्बिणीला काही मिळत नाही, हे स्पष्टच सांगतो. तरीही नाशिकच्या एका शाळामास्तरानं कागद-पेन्सिल घेऊन निवडलेल्या संख्यांत जुन्नरच्या दुर्बिणीची संख्या असावी, याचा मला मनापासून आनंद होतो.

जुन्नर आणि आंबेगावच्या गणिताच्या शिक्षकांना एक विनंती आहे. जोड्या मोजायला शिकवताना पाहुण्यांच्या हस्तांदोलनाचं उदाहरण देण्याऐवजी खोडदच्या तीस अँटेना फळ्यावर काढा. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानं तिथे विद्यार्थ्यांसाठी प्रदर्शन भरतं. मुलांना त्याआधी ४३५ काढून घेऊ द्या, आणि ४४६ ला जनक नाही हे त्यांचं त्यांना शोधू द्या.